वझरवाडीचं चूलबंद आवतन

वझरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारचं गाणं सुरू एकदाच व्हायचं, पण संपायचं दोनदा.

त्याचं असं होतं. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर फाट्यापासून आत गेलं की हे गाव. गावाच्या खालच्या अंगाला पत्र्याचं चर्च. चर्च कसलं, एक खोली, एक घंटा आणि घंटेवर कायम बसलेला एक पारवा. पाळक बदलले, पारवा बदलला नाही. मंडळी अकरा घरांची, पण त्या एका खोलीत सतरंज्या दोन. उजव्या सतरंजीवर तात्याराव गायकवाडांची सहा घरं, डाव्या सतरंजीवर त्यांच्या थोरल्या भावजयीची, कुसुमबाईंची पाच. मधे एवढी जागा मोकळी की बैलगाडी वळावी. पेटी तात्यारावांच्या बाजूला आणि ढोलकी कुसुमबाईंच्या. पेटी ढोलकीसाठी थांबायची नाही, ढोलकी पेटीच्या मागं पळायची नाही. पेटीवाल्यांचं शेवटचं कडवं होऊन भाता मिटला तरी डावी सतरंजी अजून तिसऱ्या कडव्यात निवांत चाललेली असायची. नवे पाळक सारंग साळवे आले तेव्हा पहिल्या रविवारी त्यांना वाटलं, गावात आणखी एक चर्च आहे आणि आज वारा तिकडून आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक आवतन होतं.

आता ज्यांचं आयुष्य छापील पत्रिकांवर गेलं त्यांना आवतन म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडं जेवायचं बोलावणं तोंडी असतं आणि त्याच्या पायऱ्या असतात. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकानं यायचं, बाकीच्यांनी आपल्या घरी जेवायचं. ‘गडीमाणसं’ म्हणजे पुरुषांनी यायचं आणि बायकांनी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. आणि सगळ्यात मानाचं ते ‘चूलबंद’. आज तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे आमच्याकडं. घराघरांत गॅस आला, पण ‘गॅसबंद’ आवतन कुणी दिलेलं ऐकिवात नाही. भाकरी अजून चुलीवरची लागते आणि मानही चुलीचाच लागतो.

तात्यारावांनी आपल्या निकिताचं लग्न परभणीच्या मंगल कार्यालयात केलं तेव्हा ताटं मोजून सांगितली होती. म्हणून भावकीत सरसकट ‘घरटी एक’ सांगून पाठवलं. कुसुमबाई एकट्या गेल्या. पंख्याखाली बसून जेवल्या, पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, एसटीनं परत आल्या आणि घरच्यांसाठी चुलीपुढं बसल्या. त्या दिवसापासून त्यांचं एकच वाक्य होतं, “सख्ख्या पुतणीच्या लग्नादिवशी माझी चूल पेटली.” बस. भांडण नाही, शिव्या नाहीत. तात्यारावांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. निकिताची पोरं आता शाळेत जातात, पण कुसुमबाईंच्या डोळ्यांतला तो धूर काही गेला नव्हता.

तात्याराव एसटीत कंडक्टर होते. स्वतः निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. मंडळीचे सेक्रेटरी होते आणि आपण कधी चुकत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

एका रविवारी भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

“तात्या, कापणीच्या सणाला आपल्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांचे अधीक्षकसाहेब येतायत.”

“येऊ द्या की. हार घालू.”

“हारानं भागणार नाही. त्यांना कुणीतरी सांगितलंय की वझरवाडीची मंडळी एक नाही आणि गावाला तिचा काही उपयोग नाही. तसं दिसलं तर ते आपल्याला पूर्णेच्या मंडळीला जोडणार. मग इथं पाळक नाही. भक्ती महिन्यातून एकदा.”

तात्यारावांनी घंटेकडं पाहिलं. त्यांच्या बापानं ती खांद्यावरून आणली होती. त्यांचं स्वतःचं लग्न याच पत्र्याखाली लागलं होतं आणि त्या लग्नात कुसुमबाईंनीच नव्या जावेचा, पार्वतीबाईचा, हात धरून तिला आत आणलं होतं. महिन्यातून एकदाच घंटा वाजायची म्हणजे घंटा कसली, वीजबिल झालं ते.

“मग काय करायचं?”

“प्रीतिभोजन करू. कापणीच्या सणाला लोक धान्य, भाजीपाला आणून वाहतातच. त्याचंच जेवण करू. मंडळीची अकरा घरं एकत्र जेवतील आणि प्रत्येक घरानं एक शेजारी बोलवायचा. जास्त नाही, पन्नास माणूस.”

पन्नास माणूस. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण तो नंतर कुणालाच दिसला नाही.

तात्याराव घरी येऊन ओट्यावर बसतात न बसतात तोच शेजारचा काशीनाथ आला. काशीनाथच्या रानात तूर, कापूस, हरभरा सगळं पिकायचं, पण खरं पीक सल्ल्याचं. ते बारमाही होतं.

“म्हंजे घरटी एकच झालं की हे,” काशीनाथ सगळं ऐकून म्हणाला.

“घरटी एक न्हाई. एका घराला एक शेजारी.”

“तेच ते. मी एकटा जेवू का? आन् आमची मंडळी ओट्यावर बसून वास घेईल? तात्या, एकदा घरटी एकनं तुमचं चर्च फाटलंय. आता गाव फाडता का?”

हे तात्यारावांना लागलं, कारण खरं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या गल्लीला चूलबंद ठरवलं. काशीनाथ पुन्हा आला. गल्लीला सांगितलं आणि वरच्या आळीला नाही, तर वरच्या आळीचं काय चुकलं, असं त्यानं फक्त विचारलं. विचारायला त्याचं काही जात नव्हतं.

तोवर कागदपत्रांचं सुरू झालं. पाण्याच्या टँकरसाठी ग्रामपंचायतीत गेले, तर तिथं अर्जावर कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा होता. लग्न, बारसं, दहावं, जयंती, इतर.

“इतर लिहा,” तात्याराव म्हणाले.

“इतरला टँकर न्हाई,” तिथला माणूस म्हणाला. “कोन मेलंय का?”

“न्हाई.”

“कोन जन्मलंय?”

“न्हाई हो. प्रीतिभोजन हाय. सगळ्यांनी प्रेमानं एकत्र जेवायचं.”

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. “कारन नसताना?”

कारण नसताना लोक प्रेमानं एकत्र जेवतात हे सरकारी रकान्यात बसेना. शेवटी त्यानं ‘सामुदायिक विवाह’ असं लिहून टँकर दिला. स्पीकरच्या परवानगीला ठाण्यात तोच कागद जोडावा लागला, आणि पुढं आठवडाभर तात्यारावांकडं लोक आपापल्या पोरांचे फोटो घेऊन यायला लागले. राणीसावरगावहून एक गृहस्थ तर मुलगा दाखवायलाच घेऊन आले. तात्यारावांनी त्यांना चहा पाजला आणि कापणीच्या सणाला या म्हणून सांगितलं. मुलगा चांगला होता.

इथपर्यंतही सगळं आवरण्यासारखं होतं. बिघडलं ते हॉटेलात.

फाट्यावरच्या हॉटेलात तात्याराव चहा प्यायला बसले होते. समोर महारुद्र बशीत चहा ओतत होता. महारुद्र म्हणजे गावाचं तोंड. लग्न असो, दहावं असो, गावात आवतन फिरवायचं काम पिढीजात त्याच्या घरात. आता गळ्यात भोंगा अडकवून फटफटीवर फिरायचा.

“काय तात्या,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “जेवन हाय म्हनं. घरटी एकच का?”

हॉटेल हसलं. भजी तळणारा हसला. तात्यारावांना वाटलं, कढईसुद्धा हसली. तीस वर्षं ज्यानं खच्चून भरलेल्या गाडीत ‘पुढं सरका’ म्हटलं की माणसं सरकायची, त्याच्या बाबतीत हे.

ते उभे राहिले. “सगळ्या गावाला चूलबंद!” कंडक्टरच्या आवाजात म्हणाले. “कुनाच्या घरातून धूर दिसला तर माझं नाव तात्याराव न्हाई.”

महारुद्रनं बशी ठेवली. चहा अर्धा तसाच होता. तात्याराव खाली बसेपर्यंत फटफटीचा आवाज वरच्या आळीत पोचलासुद्धा.

घरी पार्वतीबाईला सगळं भोंग्यावरून कळलंच होतं.

“अवो, समद्या गावाला? दोन पोती गहू हाय आपल्याकडं.”

“सणाला येईल की अजून.”

“आन् वैनींना आवतन कोन देनार?”

“महारुद्र देतोय की सगळ्यांना.”

“महारुद्रचं आवतन भावकीला चालतंय का?”

“त्या मंडळीच्याच हायत. घरचं कार्य हाय. घरच्याला काय आवतन द्यायचं?” तात्याराव म्हणाले आणि टँकरच्या कागदात डोकं घातलं.

आता इथं गोम होती आणि ती पार्वतीबाईला दिसली, पण सेक्रेटरीला दिसली नाही. महारुद्रच्या धंद्याचा एक कायदा होता. तो सगळ्या गावाला आवतन देईल, पण यजमानाच्या भावकीला देणार नाही. भावकीच्या दारात यजमानानं स्वतः जाऊन हात जोडायचे. भोंग्यावरून भावकीला बोलावणं म्हणजे अपमान. म्हणून महारुद्र कुसुमबाईंच्या पाच घरांपुढून फटफटी बंद करून, भोंगा उपडा करून, अदबीनं ढकलत पुढं गेला. त्याला वाटलं तात्या येऊन गेले असतील, तात्यांना वाटलं महारुद्र येऊन गेला असेल. आणि कुसुमबाई तीन दिवस दाराकडं बघत होत्या.

सणाचा दिवस उजाडला. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, वांगी, हरभऱ्याचे डहाळे, एक खवळलेला कोंबडा, असं सगळं मांडलं होतं. अधीक्षकसाहेब आले. भारदस्त, गोल चष्मा, प्रत्येक गोष्टीकडं ‘बरं’ म्हणून बघणारे. डावी सतरंजीही भरलेली होती. कुसुमबाई भक्तीला कधी चुकल्या नाहीत. देवाच्या घरी यायला आवतन लागत नाही, जेवायला लागतं, हे त्यांचं शास्त्र होतं.

स्पीकरनं सकाळपासून असहकार पुकारला होता. साहेबांनी ‘ख्रिस्तात आपण सर्व एक’ या विषयावर छान बोध केला, पण माइकमधून फक्त त्यांचा श्वास येत होता. गाणं झालं. दोनदा संपलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“आमेन” झालं आणि कुसुमबाई उठल्या. त्यांच्यामागं मुलं, सुना, पुतणे, नातवंडं, पाचही घरं. सरळ दाराबाहेर आणि घराकडं.

“ही मंडळी कुठं चालली?” साहेबांनी विचारलं.

“हात धुवायला,” तात्याराव म्हणाले.

“सगळी?”

“लय स्वच्छ लोक हायत, साहेब.”

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करत होते की ऐकलेलं खोटं न ऐकल्यासारखं करत होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आणि मग गाव आलं.

आधी म्हाताऱ्या आल्या, कारण म्हाताऱ्यांना पहिली पंगत लागते. मग लेकरं. मग लेकरांना शोधत बाया, बायांना शोधत गडी. कुणाकडं पाहुणे आले होते, तर चूलबंद म्हटल्यावर पाहुणे कुठं ठेवणार? तेही आले. राणीसावरगावचे गृहस्थ मुलाला नवीन कपडे घालून आले. फाट्यावर एसटी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर उतरले, जुन्या माणसाचं कार्य म्हणून, आणि ‘पाच मिनिटं थांबा’ म्हटल्यावर पाच मिनिटं काय करायचं म्हणून गाडीतली माणसंही उतरली. मशिदीतून आणलेल्या दोन मोठ्या डेगांत वरण रटरटत होतं. ज्यांनी डेगा दिल्या ते तर हक्कानंच आले. पंगत चर्चच्या पायरीपासून सुरू झाली आणि तिचं दुसरं टोक काशीनाथच्या गोठ्यात गेलं. तिथं म्हशीनंही मान पुढं केली.

तात्यारावांना वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. गाव चर्चच्या अंगणात मांडी घालून बसलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. साहेब तर पहिल्या पंगतीत वरच्या आळीच्या पाटलांच्या शेजारी बसून वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागत होते.

दुसरी पंगत बसली तेव्हा आचारी बालाजी तात्यारावांच्या कानाशी आला. “तात्या, पोळ्या संपत आल्या.”

“लाटा की मग.”

“कशाच्या लाटू? पीठ हाय का? आन् लाटायला तुमच्या बाजूच्या चार बाया, त्यांचे हात गळून पडले. पाच घरच्या बाया येनार व्हत्या म्हनला तुमी.”

“वरण?”

“वरनाची काळजी करू नका. टँकर हाय.”

तिसऱ्या पंगतीला वरण असं झालं होतं की एका पोरानं वाटीत बघून भांग पाडून घेतला. भात खालून लागला. आणि चौथी पंगत भिंतीला टेकून, हात धुऊन, उभी होती.

पाळकसाहेब जवळ आले. तात्यारावांनी त्यांच्याकडं मोठ्या आशेनं पाहिलं. पाच भाकरी आणि दोन मासे हा धडा त्यांनीच गेल्या महिन्यात वाचला होता. पाळकसाहेबांनी वर पाहिलं, मग तात्यारावांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, “तात्या, तिथं निदान पाच भाकरी तरी होत्या.”

“गावातून पीठ मागू,” तात्याराव म्हणाले. “बायांना म्हणू, घरी जाऊन दोन-दोन भाकरी टाका.”

काशीनाथनं कपाळावर हात मारला. “चूलबंद सांगून चूल पेटवायला लावता? ती बाई भाकरी टाकील, पन तुमचं नाव नातवंडांपर्यंत सांगत बसंल. तुमचंच वाक्य हाय तात्या. धूर दिसला तर माझं नाव तात्याराव न्हाई.”

तात्याराव पायरीवर उभे राहिले आणि गावावर नजर टाकली. दुपारची वेळ, पण एका घरातून धूर नव्हता. वरची आळी थंड, मधली आळी थंड. कावळे घरांवर बसून एकमेकांना विचारत होते, आज झालंय काय. गावानं शब्द पाळला होता.

आणि मग त्यांना दिसलं. खालच्या अंगाला, चर्चच्या मागं, पाच घरांवर पाच धूर. सरळ, शांत, ओळीनं.

“पार्वते,” त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, “वैनीची चूल पेटलीय.”

“पेटनारच की,” पार्वतीबाई म्हणाली. पदराला हात पुसत ती पुढं आली. “आवतन न आलेल्या मान्सानं काय उपाशी राहायचं का?”

तात्यारावांच्या डोक्यात आत्ता कुठं महारुद्रचा कायदा घंटेसारखा वाजला. सगळ्या गावाला सांगितलं. एसटीला सांगितलं. म्हशीला सांगितलं. आणि पुन्हा तीच पाच घरं राहिली. आधी घरटी एक, आता घरटी शून्य.

“मी जातो कुसुमबाईंकडं,” पाळकसाहेब म्हणाले.

“तुमी गेलात तर ती तुमच्यासंगं प्रार्थना करील,” काशीनाथ म्हणाला. “भाकरी न्हाई देनार. ज्याचं त्यालाच जावं लागतंय.”

अंगणातून कुसुमबाईंचं दार शंभर पावलांवर असेल, पण त्या दिवशी त्याचं अंतर परभणी ते पूर्णा एवढं झालं होतं. सगळी पंगत बघत होती. जेवणारे घास हातात धरून बघत होते. तात्यारावांनी टोपी नीट केली. मग काढली. मग कुठं ठेवावी कळेना म्हणून पुन्हा घातली.

कुसुमबाई अंगणातल्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. मान वर केली नाही.

“वैनी.”

“कोन हाय गं दारात?” त्यांनी सुनेला विचारलं.

“तुमचे भावजी हायत,” सून म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली.

“भावजी? त्यांच्याकडं तर आज कार्य हाय म्हनं. कार्य सोडून कुटं फिरायलेत?”

“वैनी, आवतन द्यायला आलोय.”

“आता? चौथी पंगत हुबी हाय तुमची. संपलेल्या जेवनाचं आवतन आनलं का?”

“चुकलं माझं.”

हे दोन शब्द तात्यारावांच्या तोंडून निघालेले वझरवाडीनं तोवर ऐकले नव्हते. काशीनाथच्या गोठ्यापर्यंत बातमी पोचली.

“आन् कसलं आवतन?” कुसुमबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. “घरटी एक?”

“चूलबंद.”

“बरं.” त्यांनी चिमटा उचलला आणि चुलीतलं लाकूड बाहेर ओढायला हात घातला. “मग करते बंद.”

“नका, वैनी! आत्ताच नका!”

आतून सुनांच्या हसण्याचा असा खळखळाट आला की एक भांडं पडलं. कुसुमबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

“लग्नात पेटली म्हनून मी रुसले. आज विझवते म्हनले तर तुमी नको म्हनायलाव. भावजी, तुमचं आवतन कधीतरी सरळ यील का?”

तात्याराव मातीत उकिडवे बसले. “भाकरी न्हाई, वैनी. लोक हात धुऊन हुबे हायत. साहेब बसलेत. मी सगळ्यांना सांगितलं आन् तुमालाच सांगितलं न्हाई. मंडळी पूर्णेला गेली तर ती माझ्यामुळं जाईल.”

कुसुमबाईंनी भाकरी उलटवली. तव्यावरची भाकरी फुगली. मग त्या म्हणाल्या, “असं दारात बसून कानात सांगितलेलं आवतन मला नगं. गावापुढं माझी चूल पेटली व्हती. गावापुढंच बंद झाली पायजे. तिकडं भोंगा हाय ना तुमचा?”

“तो बिघडलाय.”

“मग नीट करा.”

तात्याराव परत गेले. तो स्पीकर, ज्यानं साहेबांचा बोध गिळला होता, ज्याची परवानगी सामुदायिक विवाहाच्या नावावर मिळाली होती, त्याच्यापुढं ते उभे राहिले. माइक हातात घेतला, चापट मारली. स्पीकर शिंकला. आणि मग, का कोण जाणे, तो असा सुरू झाला की पारवा घंटेवरून उडाला.

“ऐका हो!” तीस वर्षांचा कंडक्टर त्या भोंग्यातून बाहेर पडला. “कुसुमबाई मारुतीराव गायकवाड, माझी वैनी, यांना आन् त्यांच्या पाची घरांना, लहानाथोरांसकट, आजचं चूलबंद आवतन! आधी दिलं न्हाई. माझी चूक झाली!”

हे ताडकळसपर्यंत ऐकू गेलं असं सांगतात. तिथं वांगी तोलणाऱ्या बाईच्या हातातला काटा थरथरला आणि गिऱ्हाइकाला चार वांगी जास्त गेली, असंही सांगतात. ते खरं नसेल. पण वझरवाडीत एक क्षण म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या, एवढं खरं.

मग खालच्या अंगानं लोक यायला लागले. पुढं कुसुमबाई. मागं सुना, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर स्वच्छ धोतरं झाकलेली. पोरांच्या हातात पिठल्याची पातेली. टोपल्या उघडल्या तर भाकरीवर भाकरी, उतरंडीसारख्या.

“एवढ्या?” तात्यारावांच्या तोंडून निघालं. “एवढ्या कधी केल्या?”

“भक्तीची येळ सोडली तर पहाटेपासून पाच चुली पेटल्यात,” कुसुमबाई म्हणाल्या. “समद्या गावाला चूलबंद आन् दोन पोती गहू. तुमच्या भावासंगं संसार केलाय मी. गायकवाडांचा अंदाज मला ठाऊक न्हाई का?”

“आन् मी आलोच नसतो तर?”

“तर आठ दिस शिळ्या भाकरी खाल्ल्या असत्या पाची घरांनी.” त्यांनी टोपली बालाजीपुढं ठेवली. “पन आवतनाबिगर आले नसते.”

चौथी पंगत बसली. आता वाढायला दोन्ही सतरंज्यांची माणसं होती. ढोलकीवाला पिठलं वाढत होता, पेटीवाला त्याच्यामागं भाकरी, आणि नेहमीप्रमाणे पेटीवाला घाईनं पुढं गेला की ढोलकीवाला ओरडायचा, “अरे थांब, पिठलं येऊ दे!” आणि पेटीवाला थांबायचा. साहेब जेवून उठलेले होते. पिठल्याच्या वासानं ते परत बसले.

“कुसुमबाई,” ते म्हणाले, “मी ऐकलं होतं की या मंडळीत दोन गट आहेत.”

“कोन म्हनलं?” कुसुमबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “कुटं हाय तो?”

साहेबांनी वाटी पुढं केली. “काही नाही. पिठलं चांगलं झालंय.” मग पाळकांकडं वळून म्हणाले, “साळवे, पूर्णेचं राहू द्या. या लोकांना सांभाळायला इथंच कुणीतरी राहिलं पाहिजे.” ही स्तुती होती की आणखी काही, यावर पाळकसाहेबांनी नंतर बराच विचार केला.

राणीसावरगावचे गृहस्थ मात्र शेवटपर्यंत विचारत होते, लग्न कधी लागणार.

उन्हं कलल्यावर गाव पांगलं. एसटी गेली. मग मंडळीची अकरा घरं एका ओळीत जेवायला बसली. दोन्ही सतरंज्या शेजारी-शेजारी ओढल्या, तरी माणसं उरली. कुसुमबाई बसायच्या आधी घरी गेल्या. चुलीवर पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज इथपर्यंत आला. परत आल्या, डोळे पदरानं पुसले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, “पानी वतल्यावर लय धूर झाला.”

पार्वतीबाईनं स्वतः कुसुमबाईंचं ताट वाढलं. डेगेच्या तळाशी उरलेलं वरण, त्यांचीच भाकरी, त्यांचंच पिठलं. एवढ्या वर्षांत तिच्या हातचं या जावेच्या पोटात काही गेलं नव्हतं. तात्याराव पाण्याचा तांब्या धरून उभे होते आणि अकरा घरं घास हातात धरून थांबली होती.

कुसुमबाईंनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, खाल्ला, सावकाश चावला.

“पार्वते,” त्या म्हणाल्या, “वरनात मीठ कमी हाय.”

पार्वतीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तात्याराव मीठ आणायला स्वयंपाकाच्या जागेकडं धावले. सगळे डबे उपडे करून पाहिले. गावानं मिठाचा खडासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. शेवटी मीठ वहिनींच्याच घरून आणावं लागलं.